नवा माणूस संस्थेत रुळतो कसा, हे चार तासिकांत कसं शिकवावं

संघटन वर्तनाच्या अभ्यासक्रमात नवागतांनी संस्थेच्या संस्कृतीशी जुळवून घेण्याचा एक घटक असतो आणि त्याला बहुतेक ठिकाणी एकच तासिका मिळते. व्याख्या, तीन टप्पे, सहा पद्धती फळ्यावर येतात आणि तिथून उत्तरपत्रिकेत जातात. तीच मुलं पुढे ऑन जॉब ट्रेनिंगला गेली की अगदी साध्या गोष्टींवर अडतात. मोठ्या साहेबांना थेट फोन करायचा की आधी सिनियरला विचारायचं? डबा कोणाबरोबर खायचा? सहा वाजून गेले तरी कोणी उठत नाही, मग आपण उठायचं का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच पुस्तिकेत छापलेली नसतात. ती शोधायची कशी, हेच या घटकात शिकवायला हवं, आणि ते फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

पुढची आखणी बीबीए, बीकॉम, एमबीए आणि पदविकेच्या वर्गांसाठी आहे. ६० मिनिटांच्या चार तासिका लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या तासिकेच्या मध्ये क्षेत्रकामासाठी दोन आठवडे ठेवावेत. हिशोब ४८ जणांच्या वर्गाचा आहे. संख्या वेगळी असेल तर टेबलं कमी-जास्त करा, पण एका टेबलावर आठापेक्षा जास्त माणसं बसवू नका. क्रम मात्र बदलू नये: आधी अनुभव, मग सिद्धांत, मग प्रत्यक्ष जागी जाऊन निरीक्षण. सिद्धांतापासून सुरुवात केली की संस्कृती म्हणजे टाय, इंग्रजी बोलणं आणि भिंतीवरची मूल्यांची पाटी, असा मुलांचा समज होतो. एकदा तो पक्का झाला की निघता निघत नाही.

शिक्षकाने आधी काय पक्कं करून घ्यावं

वर्गात सगळं सांगायचं नसलं तरी तुमच्याकडे चार गोष्टी तयार हव्यात.

पहिली, डॅनियल फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मांडलेले तीन टप्पे. रुजू होण्याआधी मनात तयार झालेल्या अपेक्षा हा पहिला. आत आल्यावर प्रत्यक्षाशी होणारी गाठ हा दुसरा. काम, घर आणि संस्थेतल्या वेगवेगळ्या मागण्यांचा मेळ घालणं हा तिसरा. दुसरी गोष्ट, जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन यांनी १९७९ मध्ये दिलेल्या सहा जोड्या, म्हणजे संस्था नव्या माणसाला आत कशी घेते त्याच्या पद्धती. तिसरी, मेरिल लुईस यांचा १९८० चा निबंध. नवागत शिकतो तो मुख्यतः आश्चर्याच्या क्षणी, असं त्यांचं म्हणणं. अपेक्षा एक आणि घडतं भलतंच, की माणूस अर्थ लावायला बसतो. जुन्या माणसाकडे त्या घटनेमागचा इतिहास असतो, नव्याकडे नसतो, म्हणून नव्याचा अर्थ अनेकदा चुकतो.

चौथी गोष्ट चारही तासिकांचा कणा आहे. तालिया बाउअर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. माणूस रुळला की नाही, हे त्यांनी तीन खुणांवर पाहिलं. मुलांसाठी त्या तीन प्रश्नांत बसवा: माझं काम नेमकं काय, ते कळलं का? ते मला जमेल असं वाटतं का? इथल्या माणसांनी मला आपलं मानलं का? हे तीन प्रश्न पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

पहिली तासिका: वर्गातच नवागत व्हायचं

सहा टेबलं, प्रत्येकी आठ जण. सहा जण 'जुने', दोन 'नवे'. सगळ्यांचं काम एकच: आलेले अर्ज लावणं आणि नोंदवणं. प्रत्येक टेबलासाठी अर्जाच्या ८० चिठ्ठ्या तयार करा. एका चिठ्ठीवर अर्जदाराचा क्रमांक, तालुका, तारीख आणि विषय असावा. ए-फोर कागदावर दहा चिठ्ठ्या बसतात, म्हणजे एका टेबलाला आठ कागद आणि सहा टेबलांना ४८. नोंदीचा कागद प्रत्येकाचा स्वतंत्र असावा आणि शेवटच्या रकान्यात अर्जाबद्दल एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहायची असावी. त्या ओळीमुळे एका नोंदीला साधारण दीड मिनिट लागतं, १५ मिनिटांत एकाच्या दहा नोंदी होतात आणि ८० चिठ्ठ्या पुरतात. ती ओळ गाळली तर पाच-सात मिनिटांत काम संपतं आणि टेबलावर गप्पा सुरू होतात.

सगळ्यांना एक पानी पुस्तिका द्या: अर्ज तारखेनुसार लावावेत, नोंद करावी, शंका टेबलप्रमुखाला विचारावी, जास्तीत जास्त अर्ज निकाली काढावेत. नव्यांना ही पुस्तिका देऊन बाहेर पाठवा. मग जुन्यांना अलिखित नियमाची एक चिठ्ठी द्या. असे तीन नियम आहेत आणि प्रत्येक नियम दोन टेबलांना द्यायचा.

'अ' नियम: शंका प्रमुखाला विचारायची नाही, डावीकडच्या माणसाला विचारायची. प्रमुखाला कोणी थेट विचारलंच तर तो 'बघू' म्हणतो आणि पुन्हा आपल्या कागदात डोकं घालतो.

'ब' नियम: पाच मिनिटांत दोनपेक्षा जास्त नोंदी कोणी करायच्या नाहीत. जास्त करणाऱ्याकडे न बघता बाकीचे पेन टेबलावर दोनदा आपटतात. कारण सांगायचं नाही.

'क' नियम: पुस्तिका काहीही म्हणो, अर्ज तालुक्यानुसार लागतात. फक्त शिक्षक टेबलाजवळ आले की वरचे पाच अर्ज तारखेनुसार लावलेले दिसले पाहिजेत.

जुने दहा मिनिटं आपल्या नियमाने काम करून सराव करतात. मग नवे आत येतात, आणि इथे दुसरी विभागणी होते. पहिल्या तीन टेबलांवर दोन्ही नवे एकदम येतात, त्यांची नावानिशी ओळख करून दिली जाते आणि दोघांना मिळून एक सोबती मिळतो. हा सोबती पहिल्या दोन मिनिटांत काम समजावतो. अलिखित नियमाबद्दल विचारलं तर खरं सांगतो, न विचारता सांगत नाही. उरलेल्या तीन टेबलांवर नवे एकेकटे येतात, दुसरा पहिल्यानंतर चार मिनिटांनी. तिथे कोणाला कसली जबाबदारी दिलेली नसते. 'अ', 'ब', 'क' यांतला प्रत्येक नियम एका सोबतीवाल्या आणि एका बिनसोबतीच्या टेबलावर आला आहे ना, हे तपासा. तसं केलं नाही तर दोन टेबलांमधला फरक नियमामुळे पडला की स्वागतामुळे, हे चर्चेत सांगता येत नाही.

वेळेचा हिशोब असा: मांडामांड ५ मिनिटं, सराव १०, काम १५, लेखन ५, चर्चा २५. काम थांबलं की नव्यांनी न बोलता लिहायचं. फळ्यावरच्या तीन प्रश्नांना १ ते ५ गुण, 'इथला न सांगितलेला नियम कोणता असावा' याचा एक अंदाज, आणि तो कशावरून बांधला. लेखन आणि चर्चा यांचा क्रम उलटा करू नका. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांच्या आठवणी त्याच्या शब्दांत शिरतात.

चर्चेची पहिली सात मिनिटं फक्त नव्यांची. 'कसं वाटलं?' विचारलं तर 'छान वाटलं, सर' एवढंच मिळतं. त्याऐवजी विचारा: इथे काहीतरी वेगळं चाललंय हे कोणत्या क्षणी कळलं? त्या क्षणी तुम्ही हातातलं काम थांबवलंत, कोणाकडे पाहिलंत, की कोणाला विचारलंत? पुढच्या वेळी काय बदललंत? यातून नवागताच्या तीन वाटा आपोआप पुढे येतात: विचारणं, बघत राहणं आणि थोडं करून पाहणं. 'ब' टेबलावरचे नवे सहसा कोणालाही न विचारता मंद होतात. त्यांना विचारा, 'कशासाठी मंद झालात?' बहुतेकांकडे कारण नसतं, आणि संस्कृतीचा दाब कसा चालतो हे वर्गाला तिथे दिसतं. 'क' टेबलावरचे नवे थोडे चिडलेले असतात. नियम कळला, पण जुन्यांच्या दिखाव्यात सामील व्हायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिलेला असतो. तो तिथे सोडवू नका, तिसऱ्या तासिकेसाठी राखून ठेवा. मग जुन्यांना विचारा: सांगावंसं वाटलं का? मग का नाही सांगितलंत? 'आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं' असं कोणी म्हणालं, तर ते वाक्य फळ्यावर घ्या.

बिघाड बहुतेक जुन्यांच्या हौशीमुळे होतो. पेन दोनदा आपटायचं असतं, ते दहादा आपटलं जातं, कोणी हसतं, आणि सगळ्याचं नाटक होतं. म्हणून सरावाच्या वेळी प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगा: नियम हळू पाळा, नव्याला तो दिसावा, टोचू नये. नवे नेमताना हात वर करणाऱ्यांतूनच नेमा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, भाषेमुळे आधीच एकटा पडलेला किंवा वर्गात चेष्टेचा विषय झालेला विद्यार्थी नवा म्हणून कधीही पाठवू नका. 'मला थांबायचं आहे' असं कोणी म्हटलं तर कारण न विचारता त्याला निरीक्षक करा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे आणि २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. या खेळात अपमान, स्पर्श, वैयक्तिक माहिती विचारणं यांतलं काहीही येता कामा नये, हे सुरुवातीला मोठ्याने सांगा. नव्याला त्रास देऊन 'आपल्यातला' करण्याची सवय अनेक वसतिगृहांत अजून गेलेली नाही. खेळाच्या निमित्ताने तिला वर्गात जागा मिळू देऊ नये.

दुसरी तासिका: दिसलेल्याला नावं द्यायची

आता सिद्धांत आणा. सुरुवात शाइन यांच्या तीन थरांपासून करा: डोळ्यांना दिसतं ते, संस्था सांगते ते, आणि सगळ्यांनी इतकं गृहीत धरलेलं की कोणी बोलतही नाही ते. एक केबिन घ्या. बाहेर पाटी आहे, 'दार सदैव उघडं आहे, केव्हाही भेटा'. दार खरंच उघडं आहे. पण आत जाणारा प्रत्येक जण आधी बाहेरच्या टेबलाशी थांबतो, 'साहेब मोकळे आहेत का?' विचारतो, फाइल छातीशी धरून उभा राहतो आणि आतून मान हलल्यावरच पाऊल टाकतो. उघडं दार हा पहिला थर, पाटी हा दुसरा. साहेबाचा वेळ आपल्या वेळेपेक्षा मोलाचा, ही न बोललेली समजूत तिसरा. नवा माणूस पाटी वाचून सरळ आत जातो आणि चार जण त्याच्याकडे बघतात. कोणी रागावत नाही, पण संध्याकाळपर्यंत त्याच्याबद्दल एक मत तयार झालेलं असतं. हे उदाहरण सांगून थांबा आणि मुलांना महाविद्यालयातल्याच एका जागेचे तीन थर लिहायला लावा. कार्यालयाची खिडकी, ग्रंथालय, जिमखाना, काहीही चालेल. दहा मिनिटं द्या. तिसरा थर बहुतेकांना पहिल्या झटक्यात जमत नाही, ते दुसराच शब्द बदलून पुन्हा लिहितात. कसोटी एकच द्या: ही समजूत मोडली तर कोणी काय करेल, ते सांगता आलं पाहिजे.

त्यानंतर 'ब' नियम कुठून आला ते सांगा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात टेलिफोनच्या जोडण्या करणाऱ्या १४ कामगारांच्या एका खोलीचं निरीक्षण झालं. कंपनीने उत्पादनावर आधारित मोबदला ठेवला होता, म्हणजे जास्त काम केल्यास जास्त पैसे. तरीही दिवसाचं काम किती करायचं हे कामगारांनी आपसांत ठरवलं होतं. फार जास्त करणारा, फार कमी करणारा आणि वर जाऊन सांगणारा, तिघांनाही टोपणनावं होती आणि दंडावर बुक्की मारून समज दिली जायची. जास्त काम दिसलं तर दर उतरवतील किंवा माणसं कमी करतील, ही भीती त्यामागे होती. इथे मुलं पटकन 'आळशी कामगार' म्हणतात. तेव्हाच थांबवा आणि विचारा, १९३१ मध्ये अमेरिकेत काय चाललं होतं? मंदीतल्या माणसाला नोकरी टिकवायची होती. नियम विचित्र दिसला तर तो आधी कोणाचं काय वाचवतो ते शोधायचं, ही सवय लागली तर पुढचं क्षेत्रकाम चांगलं होतं.

मग सहा जोड्या. तांत्रिक नावं घोकून घेण्यापेक्षा त्या प्रश्नांच्या रूपात लिहा: सगळ्यांना एकत्र शिकवतात की एकेकट्याला? कामापासून वेगळं ठेवून शिकवतात की थेट कामावर? पायऱ्या ठरलेल्या आहेत का? मुदत ठरलेली आहे का? आधी ते काम करणारं कोणी शिकवायला आहे का? आणि माणूस आला तसा घेतात, की आधी त्याची जुनी ओळख उतरवतात?

उदाहरणं जवळची घ्या. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी जवळजवळ एका टोकाला बसते: सगळे एकत्र, तीन वर्षं, सहा सत्रं, केस कापण्यापासून चालण्यापर्यंत सगळं नव्याने. वाणिज्य शाखेच्या मुलांना सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी कार्यालयात करायची उमेदवारी, माहीत असते. तिची मुदत आणि नोंदणी सीएंच्या शिखर संस्थेने बांधून दिलेली, पण प्रत्यक्ष कार्यालयात मुलगा एकटा, शिक्षण थेट फाइलींवर, आणि क्रम जसं काम येईल तसा. म्हणजे एकाच अनुभवात दोन्ही टोकं. मुंबईच्या डबेवाल्यांत नवा माणूस मुकादमाच्या गटात, कामावरच शिकतो. डब्यावरची रंगांची आणि अक्षरांची खूण रोज उचलून अंगवळणी पडते. पण त्याचं बरंचसं शिक्षण आधीच झालेलं असतं, कारण बहुतेक जण मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले आणि नात्यागोत्यातून आलेले. फेल्डमन यांचा पहिला टप्पा समजवायला याहून चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. गॅरेथ जोन्स यांनी १९८६ मध्ये दाखवलं की एकत्र आणि पायऱ्यापायऱ्यांनी आत घेतलेल्या नवागतांचा गोंधळ कमी होतो, पण त्यांची काम आहे त्याच पद्धतीने करत राहण्याकडे ओढ वाढते. म्हणजे 'चांगली पद्धत कोणती?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कारखान्यातल्या सुरक्षेसाठी एक, जाहिरात संस्थेसाठी दुसरी.

वेळ उरला तर विप्रोच्या बीपीओ विभागातला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. नव्यांच्या काही तुकड्यांना संस्थेचा अभिमान सांगणारं स्वागत मिळालं आणि संस्थेचं नाव असलेला शर्ट. काहींना 'तुम्ही तुमच्या सर्वोत्तम रूपात कधी असता?' असं विचारलं गेलं आणि स्वतःचं नाव असलेला शर्ट मिळाला. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांतली माणसं जास्त टिकली होती आणि त्यांचे ग्राहकही अधिक समाधानी होते. या अभ्यासाच्या एका लेखिकेच्या इतर काही निबंधांतल्या आकड्यांवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. ते निबंध वेगळे आहेत, पण मुलं शोधून काढतात आणि विचारतात, तेव्हा आपण होऊन सांगितलेलं बरं.

मधले दोन आठवडे: जोडीने क्षेत्रकाम

दोघांची जोडी, एक जागा, तिथली दोन माणसं: एक नवं, रुजू होऊन तीन महिने ते एक वर्ष झालेलं, आणि एक निदान पाच वर्षं जुनं. तीन महिन्यांपेक्षा नव्या माणसाला अजून सांगता येत नाही, आणि वर्ष उलटलं की सुरुवातीची आश्चर्यं विसरली जातात. जागा कोणतीही चालेल: पतसंस्था, जिल्हा परिषदेची शाळा, खासगी रुग्णालय, एमआयडीसीतला कारखाना, कपड्यांचं मोठं दुकान. नातेवाइकाच्या हाताखालचं माणूस मात्र घेऊ नये, ते मोकळं बोलणार नाही. आधी लेखी परवानगी घ्यावी. अहवालात संस्थेचं किंवा माणसाचं नाव येऊ नये आणि रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करू नये. घरून काम करणारा नवागत मिळाला तर जरूर घ्या. त्याला कँटीन नसते, म्हणून त्याने कोणत्या ग्रुपवर काय वाचून काय ताडलं, ते विचारा.

'तुमच्याकडचं कल्चर कसं आहे?' हा प्रश्न बाद. त्याला 'फॅमिलीसारखं आहे' हे उत्तर ठरलेलं. नव्याला हे विचारावं:

– पहिल्या दिवशी जेवायला कोणाबरोबर बसलात? ते कोणी ठरवलं?
– शंका आली तर पहिल्यांदा कोणाकडे जाता, आणि कोणाकडे अजिबात जात नाही?
– कोणी सांगितलेली नाही, पण आता तुम्ही पाळता, अशी एक गोष्ट कोणती?
– रजा हवी असेल तर अर्ज देण्याआधी काय करावं लागतं?
– तुमची धाकटी बहीण उद्या इथे लागली, तर तिला पहिल्या आठवड्यासाठी कोणत्या दोन गोष्टी सांगाल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण त्यात माणूस संस्थेची बाजू सोडून आपल्या माणसाची बाजू घेतो. जुन्याला दोनच प्रश्न पुरतात: नवीन माणूस टिकणार हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि गेल्या वर्षी कोणी लवकर सोडून गेलं असेल, तर त्याचं कुठे बिनसलं?

शिवाय अर्धा तास निरीक्षण. वहीचं पान उभं दुभागायचं. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे त्याचा लावलेला अर्थ. नमुना वर्गातच दाखवा. डावीकडे: 'सव्वाअकराला चहा आला. शिपायाने पहिला कप कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला, साहेबांच्या केबिनमध्ये त्यानंतर नेला. नव्या मुलीला कप मिळाला नाही; शेजारच्या बाईंनी आपल्यातला अर्धा दिला.' उजवीकडे: 'कोपऱ्यातले गृहस्थ पदाने लहान असले तरी त्यांना मान आहे, कदाचित सेवाज्येष्ठतेमुळे. चहाच्या यादीत नव्या मुलीचं नाव अजून चढलेलं नाही. शेजारच्या बाईंनी तिला सामावून घेतलं आहे.' मग विचारा, उजवीकडच्या किती गोष्टी चुकीच्या असू शकतात? सगळ्याच. कोपऱ्यातल्या गृहस्थांना मधुमेह असेल आणि त्यांचा बिनसाखरेचा कप वेगळा येत असेल. ही शंका मनात ठेवून पुन्हा जाऊन विचारणं, हे या अभ्यासातलं मुख्य कौशल्य आहे.

पहिल्या आठवड्याअखेर सगळ्यांच्या वह्या एकदा चाळा. निम्म्यांच्या डाव्या रकान्यात 'वातावरण खेळीमेळीचं होतं' असली वाक्यं सापडतील. त्यांना तेवढंच विचारा, 'हे कशावरून दिसलं?' आणि पुन्हा पाठवा.

तिसरी तासिका: कशाशी जुळवून घ्यायचं, कशाशी नाही

ही तासिका अनेक शिक्षक गाळतात. गाळली तर मुलं एवढंच शिकतात की शहाण्याने गुपचूप सगळ्यांसारखं वागावं. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत जोड्यांनी आणलेले अलिखित नियम प्रत्येकी एका चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि उरलेल्या वेळात त्यांचे तीन ढीग करा: पाळायला हरकत नाही, विचारून ठरवावं, पाळायचंच नाही.

पहिला ढीग सोपा असतो. सगळ्यांना अहो-जाहो करणं, शिफ्ट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी लाइनवर उभं राहणं, वाढदिवसाचा केक. वाद दुसऱ्या ढिगात होतो: साहेब उठेपर्यंत कोणी उठत नाही, रविवारी ग्रुपवर उत्तर द्यावं लागतं, ट्रेनी मुलींनीच पाहुण्यांना पाणी द्यायचं. एकमत व्हावं म्हणून घाई करू नका. 'हे कोणाला फुकट पडतं आणि कोणाला महाग?' एवढं विचारत राहा.

तिसऱ्या ढिगासाठी तुमच्याकडून दोन चिठ्ठ्या आधीच तयार ठेवा, कारण अशा गोष्टी मुलाखतीत क्वचितच येतात. एक: प्रेस मशीनचं संरक्षक गार्ड काढून ठेवलंय, तासाचा आकडा भरला पाहिजे, 'इथे सगळे असंच करतात, नवीन आहेस म्हणून भितोस'. या वाक्यात नव्याची आपलं मानलं जाण्याची गरजच त्याच्याविरुद्ध वापरली आहे, आणि बोटं गेली तर ती त्याची जाणार आहेत. वर्गाकडून नेमकं उत्तर घ्या: तो नवा मुलगा त्या मिनिटाला तोंडाने काय बोलेल? 'मी गार्ड बसवूनच चालवतो, आकडा कमी आला तर माझ्या नावावर लिहा' असं एक वाक्य आधीच तयार असलं तर वेळेला सुचतं. दुसरी चिठ्ठी: आडनाव, गाव, 'तुमच्यात काय असतं?' असं खोदत कोणी जात काढतोय आणि त्यावरून जेवणाची टेबलं ठरतायत. इथे जुळवून घेण्याचा प्रश्नच येत नाही, हे शिक्षकाने स्पष्ट शब्दांत सांगावं, गोल फिरवू नये. लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि प्रशिक्षणार्थी मुलीही तिच्याकडे जाऊ शकतात. आपण जिथे जाणार तिथल्या समितीवर कोण आहे, हे पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवायचं. 'क' टेबलावरच्या नव्यांचा राखून ठेवलेला प्रश्न आता काढा.

चौथी तासिका आणि गुण

शेवटच्या तासिकेत प्रत्येकाने आपल्या ऑन जॉब ट्रेनिंगच्या पहिल्या ३० दिवसांचा एक पानी आराखडा करायचा. मॉरिसन यांच्या १९९३ च्या अभ्यासातलं एक सूत्र इथे उपयोगी पडतं: नवागत काही माहिती विचारून मिळवतात आणि काही नुसती पाहून. मुलांना आपले प्रश्न तसे वाटून लिहायला लावा. कामाची पद्धत थेट विचारावी. कोणाचं कोणाशी पटतं, हे विचारू नये, बघावं. आपलं काम कसं चाललंय, हे दर शुक्रवारी एका ठरलेल्या माणसाला विचारावं. आणि प्रश्नांना मुदत असते, हे ठसवा. पहिल्या दोन आठवड्यांत 'हे कुठे ठेवायचं?' विचारणारा उत्साही वाटतो, तिसऱ्या महिन्यात तोच प्रश्न निष्काळजीपणाचा दिसतो. म्हणून साधे प्रश्न आधी संपवायचे, आणि मिळालेलं उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

२५ गुण असतील तर १० निरीक्षणाच्या वहीला द्या, ७ मुलाखतींना, ५ दुसऱ्या तासिकेतल्या सहा प्रश्नांवर आपल्या जागेची मांडणी करण्याला आणि ३ आराखड्याला. वहीला जास्त, कारण ती घरी बसून रचली तर लगेच कळते: रचलेल्या वहीत वेळा पूर्णांकात असतात आणि कोणीच काही विचित्र करत नाही. 'संस्था चांगली' किंवा 'वाईट' अशा निष्कर्षाला गुण नाहीत. आपला पहिला अर्थ चुकला होता हे कबूल करून दुरुस्त केलेल्या नोंदीला मात्र पूर्ण गुण द्या आणि असं करणार हे आधीच जाहीर करा, नाहीतर मुलं चुकलेल्या ओळी खोडून टाकतात.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाकडून फोनवर पाच ओळी मागवा: कोणी न सांगितलेली एक गोष्ट, ती कशी कळली, आणि फळ्यावरच्या तीन प्रश्नांना आज किती गुण. नावं काढून टाकून या ओळी जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या 'अ', 'ब', 'क' नियमांच्या चिठ्ठ्या त्यांतूनच करा, म्हणजे आधीच्या तुकडीकडून खेळ ऐकून आलेल्या मुलांनाही टेबलावर काय चाललंय ते नव्याने शोधावं लागेल.